सुईचा हिशेब

गुडघा धरला, कंबर भरली, मान अवघडली की नांदेड-लातूरकडच्या घरांत पहिला संशय वातावर जातो. कुणाला थंड बाधलेले असते, कुणाला उष्ण पडलेले असते, कुणाच्या पाठीत वारा भरलेला असतो. दुखऱ्या जागी बिब्बा घालावा, तुंबडी लावावी, त्यानेही नाही राहिले तर डाग द्यावा, असे उपाय आजी-पणजीच्या काळापासून चालत आले. १९४८पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे वैद्यांच्या जोडीला यूनानी हकीमही होते आणि त्यांचा हिजामा, म्हणजे रक्त काढणारी तुंबडी, आजही अनेकांना ठाऊक आहे. आता नांदेडच्या डॉक्टर्स लेनमध्ये तपासणीची अद्ययावत यंत्रे आहेत, विष्णुपुरीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, शहरात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे आणि लातूरमध्ये तर वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी हाच एक उद्योग होऊन बसला आहे. तरीही स्वतःच्या शरीराविषयी बोलताना आपले शब्द वारा, उष्णता, थंडी, अडलेले, मोकळे झालेले असेच असतात. चिनी वैद्यकही याच शब्दांत बोलते. म्हणून ॲक्युपंक्चर करणाऱ्याने ‘तुमची ऊर्जा इथे अडली आहे’ असे सांगितले की ते समजावून द्यावे लागत नाही, ऐकताक्षणी पटते.

पण ऐकताक्षणी पटलेली गोष्ट खरी असतेच असे नाही, आणि सुईची सगळी चर्चा इथेच घसरते. समर्थक म्हणतात, सुईने माणसाला बरे वाटते, म्हणजे ऊर्जेच्या वाहिन्या आहेत. विरोधक म्हणतात, वाहिन्या सापडत नाहीत, म्हणजे सुईने बरे वाटणे हे थोतांड. दोघेही दोन वेगवेगळ्या खात्यांची बेरीज एकाच वहीत करतात. सुईने दुखणे कमी होते का, हे एक खाते. का कमी होते याचे चिनी ग्रंथांनी दिलेले कारण बरोबर आहे का, हे दुसरे. पहिल्या खात्यात थोडी जमा आहे आणि दुसऱ्यात जवळजवळ काही नाही, असे आजवरच्या पुराव्यावरून दिसते. हे दोन हिशेब वेगळे ठेवले तर सुईचा उपयोग कुठे करावा आणि कुठे तिच्यापासून दूर राहावे, हे बरेच स्पष्ट होते.

आधी चिनी वैद्यकाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत समजून घ्यायला हवे. त्याचा आधारग्रंथ ‘ह्वांगदी नेइजिंग’, म्हणजे पीतसम्राटाचा वैद्यकग्रंथ, साधारण दोन हजार वर्षांपूर्वी आकाराला आला. त्यात आरोग्य म्हणजे तोल. यिन आणि यांग या जोडीत यिन थंड, ओलसर, शांत, आतले. यांग उष्ण, कोरडे, हालते, बाहेरचे. शरीरातून ‘ची’ नावाचे चैतन्य वाहत असते आणि ते कुठे तुंबले, कुठे आटले की दुखणे येते. बाहेरून त्रास देणारी कारणे सहा: वारा, थंडी, उन्हाळी झळ, दमटपणा, कोरडेपणा आणि आग. आतून त्रास देणाऱ्या भावना सात, आणि प्रत्येक भावनेचे नाते एका अवयवाशी जोडलेले: राग यकृताला, शोक फुप्फुसाला, भीती मूत्रपिंडाला. इथे मराठी वाचकाची एक फसगत होते. चिनी वैद्यकातही पाच तत्त्वे आहेत म्हटल्यावर आपण ती पंचमहाभूते समजतो. ती तशी नाहीत. चिनी पाचांत लाकूड आणि धातू आहेत, वायू आणि आकाश नाहीत. शिवाय ती शरीर ज्यापासून बनले ते घटक नाहीत, तर ऋतूंप्रमाणे एकामागून एक येणाऱ्या अवस्था आहेत: लाकडातून आग, आगीतून माती, मातीतून धातू, धातूतून पाणी आणि पाण्यातून पुन्हा लाकूड. अवयवांचेही तेच. चिनी वैद्य ‘यकृत’ म्हणतो तेव्हा तो उजव्या बरगडीखालच्या अवयवापेक्षा कामांच्या एका गटाबद्दल बोलत असतो. त्यामुळे ‘तुमचे मूत्रपिंड अशक्त आहे’ हे चिनी निदान ऐकून रक्तातले क्रिएटिनिन तपासायला धावायचे कारण नाही. मात्र क्रिएटिनिन वाढलेले असेल तर त्या चिनी निदानावर विसंबूनही चालणार नाही.

निदानाची रीत आपल्या नाडीपरीक्षेची आठवण करून देणारी आहे. प्रत्येक मनगटावर तीन बोटांच्या तीन जागा, हलक्या आणि खोल दाबाने, मिळून दोन्ही हातांचे बारा नाडीबोध. मग जिभेचा रंग आणि थर, चेहऱ्याची कांती, आवाज, झोप, तहान, घाम. या सगळ्यांतून वैद्य एक नमुना ठरवतो आणि उपचार रोगाच्या नावापेक्षा त्या नमुन्यावर होतो. डोके दोघांचे दुखत असले तरी दोघांना सुया वेगळ्या ठिकाणी टोचल्या जाऊ शकतात. उपचारांत काढे आणि औषधी वनस्पती हा सर्वांत मोठा भाग आहे, सुई हा त्याचा एक तुकडा. सुयांसाठी बारा प्रमुख वाहिन्या आणि शरीराच्या मध्यरेषेवरच्या दोन, अशा चौदा वाहिन्यांवर ३६१ बिंदू ठरवलेले आहेत. त्यांचे अंतर ‘त्सुन’ या मापाने मोजतात आणि त्सुन म्हणजे रुग्णाच्या स्वतःच्या अंगठ्याची रुंदी. आयुर्वेदातले अंगुल ज्याच्या त्याच्या बोटाचे असते, तसेच हे. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटे, नडगीच्या बाहेरच्या अंगाला असलेला ‘झूसानली’, अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यातला ‘हगू’, मनगटाच्या आतल्या बाजूचा ‘नेइग्वान’ हे त्यांतले सर्वांत वापरातले. सुई इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नसते. ती भरीव आणि बारीक, साधारण पाव मिलिमीटरची असते. टोचून ती किंचित फिरवली की जागा जड होते, बधिरते, आत ठणक उमटतो, आणि हीच योग्य खूण मानतात. याच बिंदूंवर दवण्याच्या कुळातल्या एका झाडाच्या वाळलेल्या पानांचा कापूस पेटवून शेकही देतात. चैत्रात जोतिबाला वाहतात तो दवणा आणि चिनी शेकाची ही वनस्पती, दोन्ही आर्टेमिसिया कुळातल्या.

या पद्धतीत निरीक्षण नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. झोप, भूक, ऋतू, मनःस्थिती यांचा आजाराशी असलेला संबंध तिने रुग्णाला विचारून नोंदवला. पाच मिनिटांत चिठ्ठी हातात देणाऱ्या दवाखान्यात हे विचारणे अनेकदा होत नाही, आणि ती तक्रार रास्त आहे. प्रश्न येतो तो नकाशाचा. शवविच्छेदनात, सूक्ष्मदर्शकाखाली किंवा आजच्या कुठल्याही प्रतिमातपासणीत रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांहून वेगळ्या अशा ‘ची’च्या वाहिन्या दिसलेल्या नाहीत. शिवाय नकाशा स्वतःही स्थिर नाही. चीनमधल्या मावांगद्वी इथे १९७३ साली उघडलेल्या, इसवी सनपूर्व १६८मध्ये बंद केलेल्या कबरीत वैद्यकाची रेशमी हस्तलिखिते सापडली. त्यांत बाराऐवजी अकराच वाहिन्या आहेत, बिंदू नाहीत आणि सुईचाही उल्लेख नाही. उपाय आहे तो फक्त शेक देण्याचा. म्हणजे आधी वाहिन्यांची कल्पना आली, सुई मागून आली आणि पोथ्या बदलल्या तसा नकाशाही बदलत गेला. शरीरात खरोखर असलेल्या वस्तूंची संख्या ग्रंथागणिक बदलत नसते. ही विद्या मुळात भारतातून गेली, आपल्या सुश्रुताच्या १०७ मर्मांचीच ती चिनी आवृत्ती आहे, असे इकडे अभिमानाने सांगितले जाते. पण त्या दोन याद्यांचा हेतूच उलटा आहे. मर्म म्हणजे जिथे घाव बसला तर जीव जातो किंवा अवयव निकामी होतो अशी जागा. शस्त्रवैद्याने तिला धक्का न लावता काम करायचे. चिनी बिंदू म्हणजे मुद्दाम टोचायची जागा. सुश्रुतात रक्त काढण्यासाठीचा सिरावेध आहे हे खरे, परंतु एवढ्यावरून वंशावळ जोडता येत नाही.

‘हजारो वर्षे चालत आलेली अखंड परंपरा’ हाही समर्थकांचा आवडता पुरावा आहे. इतिहास तसा अखंड नाही. १८२२ साली दाओग्वांग सम्राटाने राजवैद्यांच्या संस्थेतून सुई आणि शेक हा विभागच काढून टाकला. १९२९मध्ये राष्ट्रवादी सरकारपुढे जुने वैद्यक मोडीत काढण्याचा ठराव आला आणि वैद्यांनी देशभर निदर्शने करून तो हाणून पाडला. सुईला नवे आयुष्य मिळाले ते कम्युनिस्टांच्या सैनिकी दवाखान्यांत, आणि इथे आपल्या शेजारच्या सोलापूरचा एक माणूस या गोष्टीत येतो. १९१० साली सोलापुरात जन्मलेले द्वारकानाथ शांताराम कोटणीस मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालयातून डॉक्टर झाले आणि १९३८मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. त्या पथकात नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसूही. कोटणीस कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेबरोबर राहिले, बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्याने वारले. ते शल्यविशारद होते. जखमी सैनिकांना त्यांनी वाचवले ते चाकूने, टाक्यांनी आणि निर्जंतुक पट्ट्यांनी. पुढे त्यांच्या स्मरणार्थ निघालेल्या समित्यांनी आणि दवाखान्यांनी भारतात सुईचा प्रसार केला, त्यामुळे अनेकांच्या मनात कोटणीस आणि ॲक्युपंक्चर ही जोडी बसली आहे. प्रत्यक्षात तो दुवा त्यांचे सहकारी बसू यांचा. त्यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकून घेतली आणि कलकत्त्यात तिचा वापर सुरू केला.

कम्युनिस्टांच्या त्या सैनिकी दवाखान्यांतच चीनमध्ये एक महत्त्वाचा फेरफार झाला. आधुनिक वैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या झू ल्येन या महिला डॉक्टरने येनानमध्ये सुई शिकून घेतली आणि १९५१ साली ‘नवे ॲक्युपंक्चर’ या अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहिले. सुईच्या परिणामाचे स्पष्टीकरण त्यांनी ‘ची’वरून न देता मज्जासंस्थेवरून दिले. औषधे नाहीत, भूल नाही, डॉक्टर मूठभर आणि माणसे कोट्यवधी, अशा स्थितीत सुई स्वस्त होती, खिशात मावत होती आणि थोड्या दिवसांत शिकवता येत होती. माओच्या सरकारने तिला उचलून धरले यामागे हे साधे अर्थकारण होते आणि राष्ट्राभिमानही. आज ‘पारंपरिक चिनी वैद्यक’ म्हणून जे एकसंध पाठ्यपुस्तक शिकवले जाते ते बरेचसे १९५०च्या दशकात विस्कळीत परंपरांना एका साच्यात बसवून तयार केलेले आहे. गावोगावच्या ‘अनवाणी डॉक्टरां’च्या पेटीत सुया होत्या. पण त्यांच्या हातून लसीही टोचल्या गेल्या, पाणी शुद्ध झाले, गोगलगायी आणि डास मारले गेले. चिनी खेड्यांचे आयुर्मान या दुसऱ्या कामांनी वाढवले. आपल्याकडे मराठवाड्याच्या सीमेवरच्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०पासून गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका बनवून तोच धडा गिरवला: बाळंतपण, पोषण, लस, पाणी. त्यासाठी ‘ची’ लागली नाही.

मग पश्चिमेत सुईचा एवढा गाजावाजा का झाला? १९७१च्या उन्हाळ्यात ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे पत्रकार जेम्स रेस्टन पेकिंगमध्ये असताना त्यांचे अपेंडिक्स काढावे लागले. शस्त्रक्रिया नेहमीची भूल देऊन झाली. नंतर पोट फुगून अस्वस्थ वाटू लागले तेव्हा त्यांना सुया टोचल्या आणि शेक दिला. त्यांनी हे प्रामाणिकपणे लिहिले होते, पण तोंडोतोंडी त्याची ‘सुईच्या भुलीवर ऑपरेशन’ अशी कहाणी झाली. पुढच्या वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीनला गेले आणि सुई अमेरिकेत पोहोचली. भारतात पश्चिम बंगालने १९९६ साली तिच्यासाठी कायदा केला, महाराष्ट्राने ‘महाराष्ट्र ॲक्युपंक्चर उपचारपद्धती अधिनियम, २०१५’ केला आणि त्यातून राज्याची ॲक्युपंक्चर परिषद उभी राहिली. २०१९मध्ये केंद्र सरकारनेही तिला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. कायद्याने शिक्षणाला आणि नोंदणीला चौकट मिळते, आणि ती मिळायलाच हवी होती. सुई टोचणाऱ्याला फुप्फुस किती खोलीवर आहे हे माहीत असले पाहिजे. मात्र नोंदणी म्हणजे परिणामाची हमी नव्हे. वाहन चालवण्याचा परवाना गाडी कुठे न्यायची ते सांगत नाही.

आता पहिले खाते उघडू. सुईची परीक्षा कशी घ्यायची, हा मोठा पेच होता, कारण गोळीसारखी खोटी सुई बनवता येत नाही असे वाटत होते. संशोधकांनी दोन युक्त्या काढल्या. एक म्हणजे चुकीच्या जागी, अगदी वरवर टोचणे. दुसरी, नाटकातल्या खंजिराप्रमाणे टोक आत सरकणारी, त्वचेत न घुसणारी सुई. जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर केलेली आणि २००७ साली प्रसिद्ध झालेली चाचणी यांत नाव काढण्यासारखी आहे. सहा महिन्यांनंतर खऱ्या बिंदूंवर टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्क्यांना, खोट्या जागी वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना आणि औषधे-व्यायाम-शेक असा रूढ उपचार घेतलेल्यांपैकी २७.४ टक्क्यांना लक्षणीय आराम पडला होता. २०१२मध्ये अँड्र्यू व्हिकर्स आणि सहकाऱ्यांनी २९ चाचण्यांतल्या १७,९२२ रुग्णांची मूळ आकडेवारी एकत्र करून तपासली. तिचा अर्थ त्यांनीच एका उदाहरणाने सांगितला: शंभरपैकी ६० गुणांचे दुखणे घेऊन माणसे आली, तर सुई न घेतलेल्यांचे दुखणे ४३वर, खोटी सुई घेतलेल्यांचे ३५वर आणि खरी घेतलेल्यांचे ३०वर येते. हे चार आकडे लक्षात ठेवले तर वादाचा बराचसा धुरळा बसतो. सुईच्या उपचाराने एकूण फरक पडतो तेरा गुणांचा. त्यातले आठ गुण नेमक्या जागेवर अवलंबून नाहीत आणि जागेचे, खोलीचे श्रेय उरलेल्या पाचांपुरते.

हे आठ गुण येतात कुठून? लक्ष देणारा माणूस, अर्धा तास शांत पडून राहणे, बरे वाटेल ही अपेक्षा, आणि टोचणे ही क्रियाच. टोचल्याने मेंदूत एंडॉर्फिन ही शरीराची स्वतःची वेदनाशामके सुटतात, असे १९७०च्या दशकापासूनच्या प्रयोगांत दिसले. अफूजन्य औषधांचा परिणाम पुसणारे औषध दिले की सुईने मिळालेला आरामही काही प्रयोगांत कमी झाला. २०१० साली उंदरांवरच्या एका प्रयोगात सुई फिरवलेल्या जागी ॲडेनोसिन हे वेदना दबवणारे रसायन वाढलेले आढळले. एका जागी नवी, बोचरी संवेदना दिली की मेंदू दुसऱ्या जागेच्या दुखण्याचा आवाज कमी करतो, हेही शरीरशास्त्राला ठाऊक आहे. बिब्ब्याचा चटका, तुंबडीची ओढ, डोके दुखताना कपाळाला करकचून बांधलेला रुमाल हे सगळे त्याच घराण्यातले उपाय म्हणता येतील. फरक असा की बिब्ब्याने कातडी सोलते, डागाने तान्ह्या बाळाचा जीव धोक्यात येतो, आणि निर्जंतुक बारीक सुई योग्य हातात असेल तर यांतले काही होत नाही.

खरी आणि खोटी सुई जवळजवळ सारखीच चालते म्हणजे सगळी फसवणूकच, असा आक्षेप इथे येतो. तो अर्धा मान्य करायला हवा. पाच गुणांसाठी ३६१ बिंदूंचे शास्त्र पाठ करण्याचे समर्थन कठीण आहे. इंग्लंडच्या ‘नाइस’ या उपचारांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेने याच कारणावरून २०१६मध्ये कंबरदुखीसाठी सुईची शिफारस मागे घेतली. त्याच संस्थेने २०२१मध्ये, दुसरे कारण न सापडणाऱ्या जुनाट वेदनांसाठी मात्र ठरावीक बैठकांपुरता सुईचा विचार करावा, असे म्हटले. कारण त्या रुग्णांना वेदनाशामक गोळ्यांचा फायदा कमी आणि अपाय जास्त होतो. यात विसंगती वाटली तरी ती हिशेबातली आहे: आपण सुईची तुलना कशाशी करतो यावर उत्तर बदलते. उलट बाजूचा आक्षेप असा की चिनी उपचार ज्याच्या त्याच्या प्रकृतीप्रमाणे असतो, मग एकाच साच्याची चाचणी त्याला कशी न्याय देईल? यालाही उत्तर आहे. खऱ्या गटातल्या वैद्याला हवे तसे बिंदू निवडू द्यायचे आणि तुलना करायची, असे करता येते आणि केलेही गेले आहे. ज्याची परीक्षाच होऊ शकत नाही असे कुणी म्हणत असेल, त्याने त्या उपायाच्या यशाचा दावाही करू नये. जागतिक आरोग्य संघटनेची २००३ सालची, २८ विकारांवर सुई सिद्ध झाली असे सांगणारी यादी अनेक दवाखान्यांत लावलेली असते. तिच्यात जमेस धरलेल्या कित्येक चाचण्या चीनमधल्या होत्या. १९९८ साली व्हिकर्स यांनी देशवार पाहणी केली तेव्हा चीनमधून प्रसिद्ध झालेली ॲक्युपंक्चरची एकूण एक चाचणी यशस्वी निघाली. कुठल्याही शाळेचा निकाल दरवर्षी शंभर टक्के लागू लागला की लातूरकरही आधी पेपर कसे तपासले ते विचारतील.

वेदना ही अनुभवाची गोष्ट आहे, म्हणून अनुभव बदलला की उपाय झाला असे म्हणता येते. सर्व आजार तसे नसतात. दम्याच्या रुग्णांवर अमेरिकेत केलेला, २०११मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटा प्रयोग या संपूर्ण विषयावरचा सर्वांत बोलका पुरावा आहे. रुग्णांना आलटून पालटून खरा श्वसनफवारा, खोटा फवारा, खोटी सुई आणि काहीच नाही, असे दिले. बरे वाटले का, असे विचारल्यावर खरा फवारा, खोटा फवारा आणि खोटी सुई या तिन्हींना जवळपास सारखेच, ५०, ४५ आणि ४६ टक्के, सुधारणेचे गुण मिळाले. काहीच न देण्याला २१. मग यंत्राने फुप्फुसाची क्षमता मोजली. खऱ्या फवाऱ्याने ती २० टक्क्यांनी वाढली होती, बाकी तिन्हींत सुमारे ७ टक्क्यांनी. म्हणजे छाती मोकळी झाली असे वाटणारा माणूस प्रत्यक्षात काहीच न घेतलेल्याइतकाच कोंडलेला होता. हीच गोष्ट मधुमेह, रक्तदाब, क्षयरोग, हृदयविकार यांना लागू आहे. अर्धांगवायूचे उदाहरण तर आपल्याकडे फार महत्त्वाचे, कारण ‘लकवा’ मारला की सुई, मालिश आणि देवस्थान यांच्या वाटा आधी धरल्या जातात. मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. मुखेड किंवा जळकोटहून निघालेल्या रुग्णाचा त्यातला बराच वेळ रस्त्यातच जातो. उरलेला वेळ सुईला देणे परवडणारे नाही.

काढ्यांचा हिशेब सुईपेक्षा तिखट आहे, कारण वनस्पतीत खरे रसायन असते आणि ते तारते तसे मारतेही. १९६७ साली व्हिएतनाम युद्धातल्या मलेरियावर औषध शोधण्यासाठी चीनने ‘प्रकल्प ५२३’ सुरू केला. त्यात थू योयो यांनी चौथ्या शतकातल्या ग ह्वंग यांच्या ग्रंथातली छिंगहाव या वनस्पतीची नोंद वाचली: मूठभर पाने पाण्यात भिजवून, पिळून रस प्यावा. उकळायचे म्हटलेले नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. उष्णतेने गुण जात असेल म्हणून त्यांनी कमी तापमानाला उकळणारे इथर वापरून अर्क काढला आणि १९७१मध्ये १९१व्या नमुन्याने उंदरांतला मलेरिया पूर्ण थांबवला. आर्टेमिसिनिन हे ते औषध, २०१५ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले, आणि तीही वनस्पती दवण्याच्याच कुळातली. परंपरेने सुगावा दिला; औषध केले ते अर्क, प्राणिप्रयोग आणि मोजमाप यांनी. दुसरी बाजू बेल्जियममधली. तिथे १९९०च्या सुमारास वजन उतरवण्याच्या गोळ्यांत नावसाधर्म्यामुळे एका चिनी वनस्पतीऐवजी ॲरिस्टोलोकिया ही दुसरीच पडली आणि शंभराहून अधिक बायकांच्या मूत्रपिंडांना गंभीर इजा झाली. पुढे अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. आपल्याकडची ईश्वरी याच कुळातली आहे. ‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ हे वाक्य त्या बायकांनीही ऐकले असणार.

मराठवाड्यापुरते बोलायचे तर सुईची जागा कुठे, हे आता सांगता येईल. सोयाबीनची खुरपणी-काढणी वाकून, उसाची मोळी डोक्यावर, पाण्याचा हंडा कमरेवर. ज्या लातूरला २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथल्या कंबरदुखीचे मूळ कुठल्या वाहिनीत शोधणार? अशा दुखण्यावर लोक दुकानातून वेदनाशामक गोळ्या घेतात, महिनोन्‌महिने घेतात, आणि भर उन्हाळ्यात, पाणी कमी पोटात असताना त्याच गोळ्या मूत्रपिंडाला आणि जठराला इजा करतात. अशा माणसाला निदान पक्के झाल्यावर, व्यायामाच्या जोडीने, गोळ्या कमी करण्यासाठी सुईचा आधार घेता आला तर तो गैर नाही. जुनाट कंबर-मानदुखी, गुडघ्याची झीज, वारंवार उठणारी डोकेदुखी, शस्त्रक्रियेनंतरची मळमळ, एवढ्यापुरता पुरावा बरा आहे. पण जर्मन चाचणीत रुग्णांनी आठवड्यातून साधारण दोनदा, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दहा बैठका घेतल्या होत्या. रोज बुडवून, एसटीचे भाडे भरून दहा खेपा करणे मजुराला झेपते का, आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्याला ते शक्य तरी आहे का, याचे उत्तर कुठल्याही चाचणीत मिळत नाही. ज्याला हे परवडते त्याच्यापेक्षा ज्याला नाही त्याची कंबर जास्त दुखते.

म्हणून सुई घ्यायची असेल तर काही गोष्टी पक्क्या ठेवाव्यात. निदान आधी नोंदणीकृत डॉक्टरकडून करून घ्यावे. रात्री वाढणारी पाठदुखी, उतरणारे वजन, ताप, पायातली ताकद जाणे किंवा लघवीवरचा ताबा सुटणे यांपैकी काही असेल तर सुई नकोच. सुया आपल्यासमोर पाकिटातून काढलेल्या, एकदाच वापरायच्या असाव्यात, कारण पुन्हा वापरलेल्या सुईतून कावीळ ‘ब’ पसरते. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, दिवस गेलेले असतील तर ते आधी सांगावे. पाच-सहा बैठकांत फरक पडला नाही तर थांबावे. आणि मधुमेहाची, रक्तदाबाची किंवा फिटची गोळी बंद करा असे कुणी सांगितले, तर तो कितीही नावाजलेला असला तरी त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये.